म्हातारपणाची जादा सवलत, पण कुणाला?

आमच्या खडकवासल्यात म्हाताऱ्या माणसाचं औषधपाणी तीन तऱ्हेने चालतं. पेन्शनवाला फौजी असेल तर २००३ पासून ईसीएचएस. सीडब्ल्यूपीआरएसमधून निवृत्त झालेला असेल तर सीजीएचएस. दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड जन्मभराचं. आणि तिसरे म्हणजे बाकी सगळे. शेतकरी, रिक्षावाले, धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या मावश्या.

या तिसऱ्यांना सरकारने काय दिलं?

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि त्याच वर्षी प्राप्तिकर कायद्यात ८०डी कलम आलं. विम्याचा हप्ता भरा, तेवढ्या रकमेवर कर माफ. पुढे ज्येष्ठांसाठी मर्यादा जादा ठेवली. २०१५ ला ती २० हजारांवरून ३० हजार झाली, २०१८ ला थेट ५० हजार. दरवेळी बातम्या झळकल्या, 'ज्येष्ठांना दिलासा'. अहो, पण जी मावशी करच भरत नाही तिला कसला दिलासा? मर्यादा ५० हजार करा नाहीतर ५ लाख, तिच्या हातात शून्यच. आता तर नव्या कर प्रणालीत ही सवलतच नाही.

तिच्यापर्यंत खरी मदत पोचली ती रेशनकार्डावर. राजीव गांधी जीवनदायी योजना पुणे जिल्ह्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, दीड लाखापर्यंत. तीच पुढे महात्मा फुले योजना झाली, आणि २०२३ च्या निर्णयाने मर्यादा ५ लाख. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता. घर आधीच आयुष्मानमध्ये असेल तर म्हाताऱ्यांचे ५ लाख वेगळे. म्हणजे ज्येष्ठांसाठीची जादा भर कर न भरणाऱ्याच्या पदरात पडायला ८०डीनंतर ३८ वर्षं लागली!

तरी हे सगळं ॲडमिट झाल्यावरचं. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात बसत नाहीत.

तेव्हा आईवडील साठीपुढचे, त्यांचा विमा नाही आणि तुम्ही जुन्या प्रणालीत कर भरत असाल, तर त्यांच्या औषधांचे पैसे यूपीआयने द्या, बिलं जपून ठेवा. २०१८ पासून तो खर्चही ८०डीत धरतात, रोखीचा नाही. सत्तरी झालेल्यांचं वय वंदना कार्ड आधार दाखवून काढून घ्या. फक्त ईसीएचएस-सीजीएचएसवाल्यांनी जरा थांबून विचार करा, त्यांना दोन्हीपैकी एकच ठेवता येतं.