एक पदक आणि एक गहाणखत

घरातले मूल खेळात पुढे येऊ लागले, की आपल्याकडे एक प्रश्न हटकून विचारला जातो: खेळायचे की शिकायचे? विचारणारे आईबाप खेळाचे वैरी असतात असे नव्हे. त्यांना उद्याची भाकर दिसत असते. आमच्या समुद्रपुरात तर तो फार थोड्या शब्दांत विचारतात. "सर, पोरगी पळते चांगली, पण यानं पोट भरन का?" या प्रश्नाचे उत्तर मी बरेच दिवस इतिहासात शोधतो आहे. जे हाती लागले, ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

पहिले पान पुण्याचे. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली. ही मुले परदेशी धावपटूंच्या पासंगाला पुरतील, हे त्या जाणत्या माणसाने ओळखले आणि त्यांना पाठविण्याच्या खर्चाला स्वतःच्या खिशातून हातभार लावला. १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला जो संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. दम त्यांचा होता. आगबोटीच्या तिकिटाची चिंता मात्र दुसऱ्या कोणी वाहिली होती. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

दुसरे पान कराडजवळच्या गोळेश्वरचे. खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. त्यामुळे कुस्ती घरचीच. पण खाशाबा शाळेतही गेले. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले, १९४२ च्या चळवळीत उतरले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. कॉलेजात शिकणारा मल्ल म्हणजे दोन मालकांचा चाकर. पहाटे तालीम, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा तालीम. आणि खुराकाचा खर्च पुस्तकांच्या खर्चाच्या कितीतरी पट. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले. मातीत वाढलेला हा तरुण तिथे गादीवर लढला आणि सहावा आला.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले, तेव्हा पैशाची गाठ पुन्हा पडली. गावकऱ्यांनी, दुकानदारांनी यथाशक्ती दिले, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजात ज्यांनी त्यांना विद्यार्थी म्हणून पाहिले होते, त्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ज्या काळी शिक्षकाचे घर हीच त्याची जन्मभराची पुंजी असे, त्या काळची ही गोष्ट आहे.

हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या इशीशी झालेली कुस्ती फार लांबली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. तरीही कांस्यपदक त्यांचेच झाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, आणि या माणसाने पहिले काम कोणते केले? कुस्त्यांचे फड लावले, ते जिंकले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे ऋण फेडले. १९५५ साली पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली. सहायक पोलीस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात गेले.

आता त्याच हेलसिंकीतील दुसरा विद्यार्थी पाहा. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर लंडनमध्ये डॉक्टरी शिकत होता. दुपारच्या सुट्टीत जेमतेम तासभर सराव करायचा आणि पुन्हा रुग्णालयात जायचे, हा त्याचा क्रम. १,५०० मीटरच्या शर्यतीत ऐनवेळी उपांत्य फेरी वाढविली गेली. इतक्या थोड्या सरावावर ओळीने तीन दिवस पळणे त्याला झेपले नाही. तो चौथा आला. पण ६ मे १९५४ रोजी सकाळी रुग्णालयातले काम करून तो आगगाडीने ऑक्सफर्डला गेला आणि संध्याकाळी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिलाच. त्याच वर्षी त्याने शर्यती सोडल्या आणि पुढे तो मज्जाविकारांचा नामांकित डॉक्टर झाला. मेहनतीत दोघे तोडीस तोड. पण एकाच्या पाठीशी व्यवसायाची वाट आखलेली होती. दुसऱ्याच्या पाठीशी एका शिक्षकाचे गहाणखत होते.

आमच्या विदर्भातही अलीकडे असा माणूस झाला. नागपूरचे डॉ. अमित समर्थ वैद्यकी शिकले, सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेत घेतले आणि २०१७ साली तोच देश सायकलवरून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत १२ दिवसांच्या आत एकट्याने पार केला. एकट्याने म्हणायचे खरे. पण त्या शर्यतीत स्वाराच्या मागे सोबत्यांची गाडी चालते. पाणी, खाणे, झोपेचा हिशेब तेच पाहतात.

जामच्या रस्त्यावर पहाटे पळणारी आमची मुलेमुली मला रोज दिसतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावे लागते. पळून आल्यावर लेखी परीक्षेची पुस्तके उघडायची असतात. "खेळायचे की शिकायचे" हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. इतिहास सांगतो, की ज्यांना दोन्ही साधले, त्यांच्यामागे कोणी ना कोणी अर्धे ओझे उचलून चालत होते. प्रत्येकाला खर्डेकर भेटत नाहीत आणि कोणा शिक्षकावर घर गहाण टाकायची पाळी येऊही नये. पण पळून आलेल्या पोरीच्या हातातले पाणी भरण्याचे काम त्या सकाळी भावाने करावे, सरावाच्या दिवसांत शाळेने तिची बुडालेली चाचणी मागून घ्यावी, गावाने चांगल्या बुटांची वर्गणी काढावी. एवढे तर कोणत्याही गावाच्या आवाक्यातले आहे. तेव्हा मुलाला प्रश्न विचारण्याआधी आपण घरातल्यांनी एकमेकांना विचारावा: याचे अर्धे ओझे कोण घेणार?