दोन घंट्या

धुळ्याला दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याला जाणारा, दुसरा सुरतेहून जळगावमार्गे नागपूरला. पूर्वी या वाटांनी कापसाच्या बैलगाड्या जात. गाडीवानाला डुलकी लागली तरी चाले. वाट बैलांच्या पायांखालची असे. मोटार आली आणि ही सोय संपली. यंत्राला वाट ठाऊक नसते.

चालकाचे चित्त सांभाळायचे कसे, हा प्रश्न मोबाइलने आणला असे आपण समजतो. तसे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, पुढे ती खानदेशातही आली. तिच्या छताखालून एक दोरी गेलेली असे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. कंडक्टरला हाक मारावी लागत नसे, ड्रायव्हरला मान वळवावी लागत नसे. शिवाय चालकाशी बोलू नये, अशी पाटी असेच. लहानपणी ती आम्हांला उगीच तुसडी वाटे!

भुसावळच्या इंजिनांत रीत वेगळी. तिथे बोलण्याची सक्ती, पण ती सिग्नलपुरती. सिग्नल दिसला की चालकाने आणि सहायकाने तो एकमेकांना मोठ्याने सांगायचा. बोलणे रस्त्याचे की रस्त्याबाहेरचे, एवढाच काय तो भेद.

शास्त्रज्ञांनी तो मोजला १९६९ साली. इंग्लंडात आयव्हन ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकांपुढे फटी ठेवल्या, काही गाडीहूनही अरुंद, आणि त्याच वेळी टेलिफोनवर खरे-खोटे ओळखण्याचे प्रश्न घातले. हात बहुतेक नीट चालले. फटीतून गाडी जाईल की नाही, हा अंदाज मात्र चुकू लागला. १९९७ साली टोरांटोच्या रेडलमायर व टिब्शिरानी यांनी ६९९ अपघातग्रस्त चालकांची टेलिफोनची बिले तपासली. बोलताना धोका सुमारे चौपट निघाला, आणि फोन हातात न धरताही तो कमी झालेला दिसला नाही.

शेजारी बसलेला माणूस कन्नडच्या घाटात आपोआप गप्प होतो, कारण वळण त्यालाही दिसते. फोनवरच्याला दिसत नाही. २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात हातातल्या फोनला धोकादायक वाहनचालनात धरले. मनातल्या फोनला कलम कुठून लावणार? दिवाळीत पुण्या-मुंबईची मुले याच रस्त्यांनी जळगाव-धुळ्याला येतात, आणि वाटेत ‘कुठवर आलास रे?’ म्हणून विचारणारा फोन बहुधा आईचाच असतो.