न उघडता वाचलेली गुंडाळी

१/ इ. स. ७९. इटलीतील व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेईप्रमाणेच हर्क्युलेनियम हे नगरही गाडले गेले. नगराबाहेरच्या एका भव्य हवेलीत पपायरसच्या शेकडो गुंडाळ्यांचे ग्रंथालय होते. तप्त राख आणि वायूंच्या लोटात त्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. एरवी दमट हवेत पपायरस केव्हाच कुजून गेला असता. कोळसा झाला म्हणूनच तो टिकला.

२/ १७५२ च्या सुमारास भुयारे खणणाऱ्यांच्या हाती हे काळे ठोकळे लागले. प्रथम ते जळकी लाकडेच वाटले. पुढे त्यांवर अक्षरे दिसली आणि एक पेच उभा राहिला : ग्रंथ वाचायचा तर तो उलगडावा लागणार, आणि उलगडू जावे तर त्याचा भुगा होणार.

३/ अनेक गुंडाळ्या सुरीने चिरल्या गेल्या. व्हॅटिकनमधून आलेल्या अँतोनियो पियाज्जो या धर्मगुरूने रेशमी धाग्यांनी गुंडाळी हळूहळू उलगडणारे यंत्र बनवले. तरी पहिल्याच गुंडाळीला काही वर्षे लागली. १८२० च्या सुमारास हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने रसायनांचा प्रयोग केला. काही ग्रंथ वाचता आले, त्यांत फिलोडेमस या एपिक्युरसपंथी तत्त्वज्ञाचे लेखन मोठ्या प्रमाणात मिळाले. पण प्रत्येक प्रयत्नात मूळ वस्तूचा काही भाग कायमचा गेला.

४/ ज्या गुंडाळ्या अगदीच असाध्य वाटल्या, त्या तशाच बाजूला ठेवल्या गेल्या. त्यांपैकी काही १८०२ मध्ये नेपोलियनला भेट म्हणून फ्रान्सला गेल्या.

५/ दोन शतकांनंतर अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी वेगळा मार्ग धरला : गुंडाळीला हात न लावता क्ष-किरणांनी तिची त्रिमितीय प्रतिमा घ्यायची, संगणकावर तिचा एकेक थर शोधायचा आणि तो पडद्यावर सपाट पसरायचा. यालाच ‘आभासी उलगडणी’ म्हणता येईल.

६/ या पद्धतीचे मोठे यश मृत समुद्राकाठच्या एन-गेदी येथील गुंडाळीने दाखवले. १९७० मध्ये एका जळालेल्या प्राचीन सिनेगॉगमध्ये सापडलेली ही चामड्याची गुंडाळी स्पर्श होताच तुटत असे. २०१६ मध्ये तिचे वाचन प्रसिद्ध झाले : हिब्रू बायबलमधील ‘लेवीय’ या ग्रंथाचा आरंभ. गुंडाळी मात्र होती तशीच बंद राहिली.

७/ हर्क्युलेनियमचे कोडे अधिक अवघड होते. तेथील शाई काजळीची, म्हणजे कार्बनची. आणि जळालेला पपायरसही कार्बनच. क्ष-किरणांना दोहोंत फारसा फरक दिसत नाही. म्हणून २०१९ मध्ये फ्रान्समधील गुंडाळ्या इंग्लंडच्या ‘डायमंड लाइट सोर्स’ या प्रयोगशाळेत नेऊन अतितीव्र क्ष-किरणांनी सुमारे ८ मायक्रॉन इतक्या बारकाईने टिपल्या गेल्या.

८/ मार्च २०२३ मध्ये हा साठा सर्वांसाठी खुला करून ‘व्हेसूव्हियस चॅलेंज’ ही स्पर्धा जाहीर झाली. केसी हँडमर यांनी पडद्यावर नुसत्या डोळ्यांनी निरखताना वाळलेल्या चिखलाला पडाव्यात तशा बारीक भेगांची नक्षी हेरली. तीच शाईची खूण होती. २१ वर्षांच्या ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने ती खूण ओळखायला संगणकाला शिकवले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला शब्द जाहीर झाला : ‘पोर्फिरास’, म्हणजे जांभळा रंग.

९/ येथे एक रास्त शंका येते. यंत्राने अक्षरे कल्पनेनेच रचली नसतील कशावरून? याचे उत्तर पद्धतीत आहे. यंत्राला ग्रीक भाषा शिकवलेलीच नव्हती. ते एका वेळी अगदी लहानसा तुकडा पाहून ‘येथे शाई आहे की नाही’ एवढेच सांगत होते. युसेफ नादेर यांच्या वेगळ्या प्रारूपातूनही तोच शब्द उमटला. अक्षरांचे वाचन मात्र पपायरसतज्ज्ञांनीच केले.

१०/ फेब्रुवारी २०२४ मध्ये नादेर, फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांना ७ लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. २,००० हून अधिक अक्षरे वाचली गेली. तरी तो त्या गुंडाळीचा जेमतेम ५ टक्के भाग होता. विषय होता सुखाचा : जी वस्तू दुर्मीळ, ती विपुल वस्तूपेक्षा अधिक आनंद देते का? लेखक बहुधा फिलोडेमसच.

११/ मे २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील आणखी एका बंद गुंडाळीचे शीर्षकही वाचले गेले : फिलोडेमसचा ‘दुर्गुणांविषयी’ हा ग्रंथ.

१२/ अठराव्या शतकातील विद्वान अडाणी नव्हते. त्यांच्यापाशी होती ती साधने त्यांनी वापरली. तरीही आज सर्वांत मोलाच्या ठरल्या त्या त्यांनी असाध्य म्हणून सोडून दिलेल्या गुंडाळ्या. उत्खनन एकदाच करता येते आणि चिरलेला थर पुन्हा सांधता येत नाही. शेकडो गुंडाळ्या अजून बंद आहेत, हवेलीचा काही भाग अजून मातीखालीच आहे. पुढच्या पिढीच्या साधनांसाठी काही न उघडता राखून ठेवणे, हेही पुरातत्त्वाचेच काम आहे.