'घेणे' या क्रियापदाचा एक यांत्रिक अनर्थ

इ. स. २००९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६.३२ या आवृत्तीत राफाएल विसॉत्स्की यांनी रचलेली, चालू संगणकातील रिकाम्या उपकरणांस निजविण्याची व्यवस्था समाविष्ट झाली. तिचा आधार गणती होय. हर्णे बंदरातून निघालेले मचवे वहीत मांडावेत आणि शेवटचा परतल्यावरच धक्क्यावरील कंदील मालवावा, तसा हा प्रकार. 'पीएम रनटाइम गेट सिंक' ही आज्ञा गणती एकाने वाढवी व उपकरणास जागे करी. जागे करणे फसले तरी वाढलेला अंक तसाच राही. 'गेट' म्हणजे घेणे. घेणेच फसले तेथे परत काय करावयाचे, अशा समजुतीने अनेक ड्रायव्हरांचे लेखक अंक न उतरविताच मागे फिरत. मचवा निघालाच नाही, पण वहीत गेल्याची नोंद राहिली. मग कंदील मालवावयाचा केव्हा? उपकरण जागेच राही व वीज व्यर्थ जाई.

२०२० साली अशा अनेक चुका दुरुस्त झाल्या. त्याच वर्षी आलेली 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' ही आज्ञा फसल्यास अंक स्वतःच उतरविते. तिच्या नावात जागे करणे आधी, घेणे नंतर येते. शब्दक्रम हा अर्थाचाच भाग होय, याचे हे बोलके उदाहरण मानावे लागेल.