एकलहरे : अक्षरे पाच, बाइट अठरा

नाशिकजवळचे एकलहरे हे गाव औष्णिक वीजकेंद्रामुळे आपल्या ओळखीचे. या नावात अक्षरे किती? मुले चटकन सांगतील, पाच. संगणकाच्या सी भाषेत लांबी मोजली, तर उत्तर येते अठरा. असे का व्हावे?

सी भाषा १९७२च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. तेव्हा संगणकाशी संवाद चाले तो टेलिप्रिंटरवर. कागदावर एक अक्षर उमटले, की यंत्र एक घर पुढे सरके. अक्षर अरुंद असो वा रुंद, जागा सारखीच. पुढे पडदे आले. १९७८ सालच्या व्हीटी-१०० या पडद्यावरही ८० घरांच्या २४ ओळी होत्या. एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक घर, हे इंग्रजीपुरते खरे असलेले समीकरण मग गृहीतच धरले गेले.

सीच्या लायब्ररीतील 'प्रिंटएफ' हे फंक्शन त्याच काळातले. यादी सरळ रकान्यांत छापायची, तर त्याला रुंदी सांगायची, समजा, वीस. नाव लहान असेल तर उरलेल्या ठिकाणी ते कोऱ्या जागा भरते. मात्र ते मोजते बाइट.

मराठी पडद्यावर आणण्याचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्राने केले. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्यात मात्रेलाही स्वतंत्र बाइट असतो, म्हणून ए, क, ल, ह, र आणि एक मात्रा असे एकलहरेचे सहा बाइट झाले. आज सर्वत्र असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत (ही १९९२ सालची) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सहा त्रिक अठरा! रोमन लिपीतील आठ अक्षरी 'एकलहरे'पुढे बारा कोऱ्या जागा पडतात, देवनागरीपुढे फक्त दोन. रकाना वाकडा होतो तो इथे.

यावर उपाय म्हणजे बाइट सोडून घरे मोजणे. 'डब्ल्यूसीविड्थ' हे फंक्शन एका चिन्हाला किती घरे लागतात ते सांगते; 'रे'वरच्या मात्रेला शून्य. त्यांची बेरीज करून कोऱ्या जागा आपण भरायच्या. 'क्ष'सारख्या जोडाक्षरापाशी मात्र हा हिशेबही अडखळतो.

वर्गात मुलांना आपापल्या नावांतील अक्षरे, चिन्हे आणि बाइट मोजायला सांगून पाहा. मराठी संगणकाला अवघड जाते, असे कोणी म्हटले तर ती विचारतील, मोजपट्टी कोणत्या लिपीच्या मापाची होती?