वऱ्हाड आणि ‘असाइन्ड’ हा शब्द

अमरावतीच्या कोणत्याही कॉलेजातल्या मुलाला ‘असाइनमेंट’ म्हणजे काय ते विचारा. सरांनी लिहून आणायला दिलेले आणि ठरल्या तारखेला परत करायचे काम, असे तो सांगेल. याच शब्दाच्या सख्ख्या भावाने त्याच्या खापरपणजोबाच्या मुलखावर पन्नास वर्षे अंमल गाजवला, हे त्याला बहुधा कुणी सांगितलेले नसते. १८५३ नंतर सरकारी कागदांत अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी या सगळ्या मुलखाचे नाव होते ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. आल्फ्रेड लायल यांनी १८७० साली इथले गॅझेटियर काढले. त्याच्या शीर्षकात हे लांबलचक नाव आधी येते आणि सर्वसाधारणपणे याला बेरार म्हणतात, असा खुलासा मागाहून. लोकांच्या तोंडचे नाव खुलाशापुरते उरले होते.

‘असाइन’ हा मूळचा लॅटिन शब्द. खूण करून वाटा नेमून देणे, असा त्याचा जुना अर्थ. कायद्याच्या इंग्रजीत तो हक्क दुसऱ्याच्या नावे करणे या अर्थाने वापरला जातो. पण हक्क किती, कशासाठी आणि किती मुदतीचा, हे तो शब्द स्वतः सांगत नाही. आपल्या कचेरीच्या मराठीत याउलट प्रत्येक व्यवहाराला वेगळा शब्द आहे. मुलूख तोडून देणे वेगळे, गहाण टाकणे वेगळे, अमानत ठेवणे वेगळे आणि इजाऱ्याने देणे वेगळे. गहाण वस्तूचे उत्पन्न गहाणदाराने खावे की नाही, यावर फिकहच्या ग्रंथांत केवढी चर्चा आहे! वऱ्हाडच्या बाबतीत हाच प्रश्न पन्नास वर्षे लोंबकळत राहिला.

मुळात भांडण होते फौजेचे. हैदराबाद कंटिंजंट ही फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. शांततेच्या काळात अशी फौज पोसावी, असे १८०० च्या तहात कुठेही म्हटलेले नव्हते. तरी खर्च चढत गेला, खजिना आटला आणि कंपनी स्वतःच सावकार झाली. १८५३ साली डलहौसीने कर्नल लो यांना पाठवून मुलूख मागितला, तोही कायमचा. नवाब नासिरुद्दौला ‘कायमचा’ या शब्दावर अडून बसले. शेवटी तो शब्द गळला आणि २१ मे १८५३ च्या तहात जिल्हे रेसिडेंटच्या व्यवस्थेखाली ‘असाइन’ झाले. वऱ्हाडाबरोबर रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूखही गेला. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. त्या एका गळलेल्या शब्दावर त्याने पुढे आयुष्यभर दावा मांडला.

१८६० च्या तहाने रायचूर आणि धाराशिव परत गेले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले आणि वऱ्हाड मात्र इंग्रजांकडे ‘ट्रस्ट’ म्हणून राहिले. ट्रस्ट म्हणजे आपली अमानतच. पण अमानतदाराने हिशेब द्यायचा असतो, आणि या तहात निजामाने हिशेब मागण्याचा हक्क सोडला. शिल्लक उरली तर ती हैदराबादला जायची, खर्च किती करायचा हे मात्र इंग्रजांनी ठरवायचे. हिशेब नसलेल्या अमानतीला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजाराकडे मुंबईच्या पेढ्यांचे लक्ष लागले. असा मुलूख हातचा कोण सोडील? कंटिंजंटच्या खर्चापोटी रोख रक्कम ठेवतो, वऱ्हाड परत करा, अशी सालारजंगांनी १८७० च्या दशकात मागणी केली. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. हाती काही लागले नाही.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेले आणि मीर महबूब अली खान यांच्याशी एकांतात बोलले. सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाले. १८५३ साली गळलेला ‘कायमचा’ हा शब्द एकोणपन्नास वर्षांनी असा मागल्या दाराने परत आला. मालकी निजामाचीच, असेही त्याच करारात लिहिलेले आहे! पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले.

मग इथला माणूस कुणाचा? कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. इंग्रजी कायदे इथे वेगळ्या अधिसूचना काढून लागू करावे लागत. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीला भरले, ते काटेकोरपणे पाहिले तर निजामाच्या भूमीवर. १९१९ च्या सुधारणांनंतर तर मोठीच गंमत झाली. वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेल्या सभासदांची सरकार नंतर नेमणूक करी, कारण परक्या मुलखातून थेट निवडून येणे कायद्याच्या भाषेत बसत नव्हते.

आपल्यापैकी काहींना या कहाणीत निजामाची कैफियत ही आपली कैफियत वाटते. मला तसे वाटत नाही. तहाच्या कागदावर दोन्ही बाजूंना सरकारेच होती. अकोल्याचा कुणबी आणि बाळापूरचा विणकर यांना कुणी विचारले नव्हते. सारा भरताना तो अमानतीत जातो की इजाऱ्यात, याने त्यांच्या ताटात फरक पडत नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर मुळीच नाही.

मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये पुन्हा दावा मांडला. वडिलांची संमती दबावाखाली घेतली गेली, हा त्यांचा मुद्दा होता. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर धाडले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करू शकत नाही. म्हणजे तहातल्या शब्दांचा कीस काढण्याचेच प्रयोजन संपले. १९३६ च्या करारात सांत्वन म्हणून मोठी नावे मात्र मिळाली. उस्मान अली ‘हैदराबाद व बेरारचे निजाम’ आणि थोरले पुत्र आजमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्या प्रिन्सने वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही. १९६७ साली हैदराबादची गादीसुद्धा त्यांना वगळून त्यांचे पुत्र मुकर्रमजाह यांच्याकडे गेली. आजमजाह यांच्या पत्नी दुर्रेशहवार या शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांच्या कन्या. त्या २००६ मध्ये लंडनला वारल्या, तेव्हाही जग त्यांना ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ म्हणूनच ओळखत होते.