चेहऱ्यावरील शस्त्र आणि श्वासाची वाट

शस्त्रक्रियेच्या इतिहासांत शस्त्र धरणाराचें नांव ठळक येतें. रोग्याचा श्वास राखणारा मात्र पडद्याआड राहतो. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या बाबतींत तरी हा न्याय नव्हे, असें आम्हांस वाटतें. पायावर शस्त्र चालतें तेव्हां तोंडावर भुलीचा मुखवटा ठेवण्यास अडचण नसते. चेहऱ्यावर मात्र शस्त्रवैद्यास हवी असलेली जागा हीच श्वासाचीहि वाट. शिवाय घशांत रक्त उतरण्याचें भय निराळेंच.

१८७८ सालीं ग्लासगो येथें विल्यम मॅक्यूएन यांनीं जिभेच्या मुळाशीं कर्करोग झालेल्या रोग्याच्या श्वासनलिकेंत, तोंडावाटे बोटाच्या आधारानें नळी सरकविली व तिच्यांतूनच क्लोरोफॉर्म दिला. नळी घालतांना रोगी पूर्ण शुद्धीवर होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

पुढें पहिल्या महायुद्धानें जबडे व नाकें उडालेले सैनिक घरीं पाठविले. लंडनजवळ सिडकप येथें १९१७ सालीं उघडलेल्या क्वीन्स हॉस्पिटलांत हॅरल्ड गिलीज त्यांना नवे चेहरे देत. तेथें १९१९ पासून आयव्हन मॅगिल व स्टॅन्ली रोबॉथम भूल देऊं लागले. आरंभीं बारीक नळीनें ईथरची वाफ आंत फुंकीत. पण ती परत उसळून शस्त्रवैद्याच्याच तोंडावर येई! म्हणून परतणाऱ्या वाफेस दुसरी नळी दिली. अखेर येण्याजाण्यास एकच रुंद रबरी नळी ठरली. फूल हुंगतांना असते तशी मान ठेविली, तर श्वासाच्या आवाजाच्या अनुरोधानें ती नाकांतून, न पाहतांहि, आंत जाते हें मॅगिल यांनीं दाखविलें.

याहून कठीण प्रसंग जन्मजात व्यंगांचा. १९०० सालीं ट्रीचर कॉलिन्स यांनीं व १९२३ सालीं पिएर रॉबिन यांनीं ज्या दुर्मिळ विकारांचें वर्णन केलें, त्यांत खालचा जबडा लहान असतो; रॉबिन यांच्या रोग्यांत तर जीभ मागें पडून घसा दाटतो. भुलीनें स्नायू सैल पडले कीं उरलीसुरली वाटहि मिटूं शकते. १९६७ सालीं पीटर मर्फी यांनीं पित्तनलिका पाहण्याची लवचिक दुर्बीण नाकावाटे श्वासनलिकेंत नेली; तेव्हांपासून अशा आडवळणी वाटेवर डोळा पोहोंचूं लागला.

साधनें पालटलीं, मॅक्यूएन यांचा विवेक पालटला नाहीं. वाट हातीं लागेपर्यंत रोग्याचा श्वास त्याचा त्यास घेऊं द्यावा, हें धोरण आजहि अशा कठीण प्रसंगीं पाळतात. नवा चेहरा पाहून आपण शस्त्रवैद्यास धन्यवाद देतों; त्यांतला अर्धा वांटा, आमच्या मतें, उशाशीं बसून श्वास मोजणाराचा आहे.